काचेखालची वांगी

शेजारच्या बेंडरवर स्नेहलताचा पहिल्या दिवसापासून संशय होता, आणि खरं सांगायचं तर बेंडरलाही तिचा होताच. फरक इतकाच की तो तोंडावर बोलून मोकळा झाला.

"इथं कोणाला पुरलंय?" त्यानं कुंपणापलीकडून विचारलं होतं.

विचारताना तो हसला असता तर गोष्ट निराळी होती. पण हसण्याच्या बाबतीत हेर, म्हणजे तिकडचे श्रीयुत, बेंडर भलताच काटकसरी माणूस. सत्तरीला टेकलेला, उंच, अंगात हिरवा एप्रन, आणि नजर अशी की समोरच्यानं उगाचच आपले खिसे चाचपावेत. स्नेहलताला जर्मनीत येऊन दोन वर्षं होत आली होती. भाजीबाजारापुरतं जर्मन तिला येत होतं, पण पुरण्याबद्दलचं संभाषण कधी करावं लागलं नव्हतं. तिनं मान हलवून "नाही, नाही" म्हटलं आणि खुरपं उचललं. बेंडर बराच वेळ तिथंच उभा राहिला.

पुरलं कोणालाच नव्हतं. ते गादीवाफे होते. लुडविग्सहाफेन शहराच्या कडेला, र्‍हाइन नदीच्या जुन्या पात्रालगत, बागांचे छोटे छोटे तुकडे भाड्यानं देणारा एक संघ होता. संघाला तिथं फेराइन म्हणत आणि कुलदैवताइतकं मानत. प्रत्येक तुकड्यावर एक लाकडी खोपटं, भोवती कमरेएवढं कुंपण, आणि आत फूटपट्टी लावून आखलेले सपाट वाफे. स्नेहलताचा नवरा श्रीरंग तिथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्याच्या लॅबमधल्या एका सहकार्‍यानं खटपट करून त्यांना असा एक तुकडा मिळवून दिला होता. जमीन सखल आणि चिकट. १९६५ सालचा तो वसंत असा भिकार निघाला की मार्चपासून पावसानं ठाण मांडलं, आणि लोकांच्या सपाट वाफ्यांत पाणी साचून राहिलं.

स्नेहलता मात्र सांगलीजवळच्या हरिपूरच्या बागाईतदाराची मुलगी. साचलेलं पाणी बघून तिचे हात आपोआप चालू लागले. कारखान्यातून आलेल्या खोक्यांच्या फळ्या तिनं चारी बाजूंनी ठोकल्या, आत वाळू, पालापाचोळा आणि घोड्याची लीद भरून गुडघ्याएवढे उंच तीन वाफे केले. तिचे बाबा पावसाळ्यात रोपांसाठी असेच वाफे करत, फक्त फळ्यांशिवाय. माणूस आडवा मावेल एवढी त्यांची लांबी होती, हे कबूल करायला हवं.

हा सगळा खटाटोप वांग्यांसाठी होता. साधी वांगी नव्हेत. बाबांच्या मळ्यातली, लहान, जांभळी, पांढर्‍या रेघांची, आणि देठाला असे काटे की चिरणारीला आधी बोट चोखावं लागायचं. लग्न होऊन निघताना बाबांनी त्यांचं चिमूटभर बी धोतराच्या तुकड्यात बांधून तिच्या ट्रंकेत टाकलं होतं. मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. तिला जाता आलं नाही. मग भावानं कळवलं की मळ्यात आता बांधापासून बांधापर्यंत ऊस लावलाय आणि बाबांची बियाण्याची मडकी उंदरांनी केव्हाच संपवली. म्हणजे ते वाण आता जगाच्या पाठीवर उरलं होतं ते फक्त धोतराच्या त्या तुकड्यात. बी जुनं होत चाललं होतं. पुढच्या वर्षी ते उगवेल याची खात्री नव्हती. म्हणून तिनं फेब्रुवारीत सगळं बी स्वयंपाकघराच्या खिडकीत, रिकाम्या डब्यांमध्ये पेरून टाकलं. वांगी वाचली तर या वर्षीच वाचणार होती.

डझनभर रोपं आली. खिडकीतल्या मरतुकड्या उजेडात ती लांबुडकी होऊन वाकायला लागली, तेव्हा एप्रिलच्या मध्यावर तिनं ती बागेत नेली, बेंडरच्या कुंपणाला लागून असलेल्या गादीवाफ्यात लावली आणि वर एक जुनी खिडकी चौकटीसकट आडवी ठेवली. काचेखाली ती हिरवी झाली, ताठ झाली. रोज दुपारी सायकल मारत जाऊन ती त्यांच्याकडे बघायची, आणि बघताना बाबांशी बोलल्यासारखं तिला वाटायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

बेंडर आला. काचेतून त्यानं बराच वेळ आत पाहिलं.

"फार लवकर," तो म्हणाला. "काल्टे सोफी होईपर्यंत थांबायचं होतं."

ही सोफी कोण, हे स्नेहलताला कळेना. दुसर्‍या दिवशी संध्याकाळी श्रीरंगनं ऑफिसात विचारून आल्यावर सांगितलं की मेच्या मध्यावर एका संतिणीचा दिवस येतो, तोवर इथं थंडी परतून येते अशी लोकांची समजूत आहे.

"तोपर्यंत कोणी नाजूक रोपं बाहेर लावत नाही, गेनाऊ, अगदी तसंच बेंडर म्हणाला असणार."

"अहो, पण त्याला काय पडलंय? माझी रोपं उशिरा लागली तर फळ कधी धरणार? सप्टेंबरात परत थंडी."

"अगं, तो सहज बोलला."

"सहज बोलणारा माणूस नाही तो."

त्यानंतर कुठंतरी पाणी मुरतंय अशी तिची खात्रीच होत चालली. दुसर्‍या आठवड्यात एके दिवशी ती गेली तर काच एका बाजूनं उचललेली, आणि खाली काठीचा टेकू. ती हादरली. बाहेर बोचरा वारा, आणि रोपं उघडी. तिनं काच घट्ट बंद केली, काठी लांब फेकली. दुसर्‍या दिवशी काच पुन्हा वर, आणि तीच काठी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी टेकूला. चिखलात मोठ्या बुटांचे ठसे कुंपणापासून वाफ्यापर्यंत आले होते आणि परत गेले होते. ठशांनाही लपायची गरज वाटली नव्हती.

"तुम्ही माझी काच उघडता?" तिनं विचारलं.

"हो," बेंडर म्हणाला. "हवा."

एवढंच. हवा म्हणे. सगळ्या जर्मनीला या हवेचं वेड. हाडं गोठवणार्‍या थंडीत खिडक्या उघडून बसतात, हे तिनं पाहिलेलंच होतं. पण दुसर्‍याच्या बागेत शिरून दुसर्‍याच्या वांग्यांना हवा घालायला कोण जातं? काहीतरी हेतू असल्याशिवाय कोणी कोणासाठी चिखल तुडवत नाही, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ती ते बदलायच्या विचारात नव्हती.

मेच्या पहिल्या रविवारी लतिका आली. ती आणि तिचा नवरा आत्माराम कार्ल्सरूहला राहत. आत्माराम तिथं डॉक्टरेट करत होता. तेवढ्या मुलखात मराठी बोलणार्‍या बायका दोनच होत्या, त्यामुळे रक्ताचं नातं नसताना त्या बहिणींसारख्या भांडत आणि बोलत. पावसाची उघडीप पाहून स्नेहलतानं तिला बाग दाखवायला नेलं. खोपटात स्टोव्ह पेटवून चहा केला. काचेखालची रोपं बघून लतिकाच्या तोंडाला पाणी सुटलं.

"भरली वांगी," ती म्हणाली. "चार वर्षांत खाल्ली नाहीत गं. इथली ती भोपळ्याएवढी काळी वांगी भरायची कशी?"

"ही येऊ देत. मग बघ."

"बी कुठलं?"

मग स्नेहलतानं रंगात येऊन सगळं सांगितलं. हे वाण मुळात बाबांचंही नव्हतं. तरुणपणी नदीपलीकडच्या कोणाच्यातरी मळ्यात त्यांनी ते पाहिलं आणि मालकाची पाठ वळताच चार रोपं उपरण्यात बांधून आणली. त्यांच्या घरात तशी समजूतच होती. रोप मागून आणलं की रुसतं, न सांगता उचललं की जोमानं लागतं. आईची चमेली, आजीचा गवती चहा, सगळं असंच आलेलं. आणि फळ किंवा फूल धरेपर्यंत मूळ मालकापाशी त्याचं नाव काढायचं नाही.

"म्हणजे तुझं घराणं चोरांचं," लतिका म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. मग स्नेहलता नळावर कपबशा विसळायला गेली. नळ लांब होता, तिथंही रांग होती.

त्यानंतर दोन दिवस पाऊस कोसळला. बुधवारी ती बागेत गेली आणि तिनं काच उचलली. कोपर्‍यातली चार रोपं नव्हती. गोगलगाईंनी खाल्ली असती तर देठ उरले असते. इथं मुळाशी मातीच्या गोळ्यासकट रोपं अलगद काढून नेली होती आणि खड्डे हातानं दाबून बुजवले होते. हे काम रोपं कशी उचलायची हे ठाऊक असलेल्या हाताचं होतं. तिनं मान वर केली. कुंपणापलीकडे बेंडर त्याच्या काचेच्या पेटीवर वाकून काहीतरी लावत होता. पाठ तिच्याकडे. तिला बघून तो सरळ झाला, आणि पेटीचं झाकण त्यानं लावून टाकलं.

आता आणखी काय पुरावा हवा होता? मी सांगतो तुम्हाला, संशय आलेल्या माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते दारात रांग लावून उभे असतात. तो टक लावून बघतो. तो काच उघडतो. लवकर लावू नका म्हणतो. आणि आता झाकण लावतो.

श्रीरंगनं तिला समजावून पाहिलं. आल्झो, हे बघ, असं तोंडावर चोर म्हणता येत नाही, हे लोक नियमांचे पक्के, उलट आपलीच उचलबांगडी होईल.

"तुम्ही बेंडरचं वकीलपत्र घेतलंय का?" तिनं विचारलं. "तुमच्या त्या लॅबमधून दहा ग्रॅम काही गेलं तर तुम्ही अख्खा कारखाना डोक्यावर घेता. माझ्या बाबांचं एवढंच उरलंय."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याचं सगळं रसायनशास्त्र संपायचं. तो तिच्याबरोबर फेराइनच्या अध्यक्षांकडे गेला आणि तिचं म्हणणं त्यानं जर्मनमध्ये, जमेल तितकं मऊ करून, सांगितलं. ते तिथं जरा कडकच निघालं.

शनिवारी संघाच्या बैठकीत बेंडरला उभं केलं. काच मी उघडली, तो म्हणाला. रोपं मी नेली नाहीत. पेटीत काय आहे म्हणून विचारल्यावर कोबी म्हणाला. कोणी जाऊन पाहिलं तर कोबीच होता. पण स्नेहलताला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तीन दिवसांत माणूस पेटीत काय वाटेल ते लावू शकतो. दुसर्‍याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं मात्र नियमाविरुद्ध होतंच, आणि ते त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. पुन्हा तिच्या बागेत पाऊल टाकणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं. संघाच्या अवजारांच्या खोलीची किल्ली बेंडरकडे असायची, युद्ध संपल्यापासून. ती अध्यक्षांनी मागून घेतली. एप्रनच्या खिशातून किल्ली काढताना तिची दोरी अडकली. तो ती सोडवत उभा राहिला, आणि सगळे बघत बसले. स्नेहलतानं नजर दुसरीकडे वळवली. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. पण संशय काही गेला नाही. उलट आता तो सूड घेईल असं तिला वाटायला लागलं. म्हणून तिनं तार आणली, आणि काचेची चौकट फळीच्या खिळ्यांना चारी कोपर्‍यांत पक्कडीनं पिळून बांधून टाकली.

पुढच्या आठवड्यात दोघांना पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी बॉनला वकिलातीत जायचं होतं. पहाटे निघाले तेव्हा नेहमीसारखी बुरबुर चालू होती, अंगात लोकरीचे कोट. गाडी र्‍हाइनच्या काठानं धावत होती. नऊच्या सुमाराला ढग फाटले आणि ऊन आलं. नुसतं ऊन नव्हे, दोन महिन्यांची थकबाकी चुकती करायला निघाल्यासारखं ऊन. डब्यातल्या लोकांनी कोट काढले, खिडक्या खाली केल्या. द्राक्षांच्या उतारांवरून वाफा निघत होत्या. स्नेहलतानं तोंड खिडकीबाहेर काढलं आणि कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

"आज वांग्यांना बरं वाटेल," ती म्हणाली.

परत आल्यावर ती घरी न जाता तशीच साडीत बागेकडे गेली. श्रीरंग मागून चालत होता. मेमधली संध्याकाळ, अजून लख्ख उजेड. बेंडर कुंपणाशी उभा होता. आपल्या बाजूला, हात एप्रनच्या खिशांत. आज त्यानं नजर तिच्यावर रोखली नव्हती. तो काचेकडे बघत होता.

काच आतून धुरकट झाली होती. तार सोडवायला तिला वेळ लागला. एकदा तार तळव्यात घुसली. चौकट उचलली तेव्हा उकडलेल्या पाल्याचा वास आला. आठही रोपं मातीवर निजली होती. पानं शिजून काळपट झाली होती, बोट लावताच देठांचा लगदा होत होता. तिनं एकेक उचलून पाहिलं. मुळाशी तरी जीव असेल म्हणून माती उकरली. माती अजून गरम होती.

"मी दहा वाजल्यापासून बघत होतो," बेंडर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "अध्यक्षांकडे गेलो, ते गावाला गेलेत. तुमच्या घरी जाऊन आलो, दार कोणी उघडलं नाही."

"आत का नाही आलात?" हे तिच्या तोंडून मराठीत निघालं. श्रीरंगनं जर्मनमध्ये सांगितलं.

"मी शब्द दिला होता," बेंडर म्हणाला, आणि आपल्या खोपट्याकडे निघून गेला.

रात्रभर स्नेहलताला झोप लागली नाही. पण मनाची गंमत बघा. तार आपण बांधली हे तिला दिसत होतं, त्यानं ती जळून तळमळत होती, आणि तरी दुसरं मन सांगत होतं की म्हातारा दिवसभर तिथं उभा राहून मजा बघत होता. चार रोपं त्यानंच नेली. ती कुठंतरी त्याच्याकडे जिवंत असणार. बाबांची वांगी चोराच्या घरी वाढणार आणि त्याला धड करताही येणार नाहीत. संपूर्ण जून ती कुंपणावरून चोरून बघत राहिली. बेंडरनं कुंपणाला लागून शेंगांचे वेल चढवले. जुलैपर्यंत हिरवी भिंत उभी राहिली आणि दिसायचं बंद झालं. मग तर तिला खात्रीच पटली. काही लपवायचं नसेल तर माणूस भिंत कशाला उभारील?

लतिका मधे एकदा मानहाइमच्या स्टेशनवर ओझरती भेटली. रोपं कशी आहेत, तिनं विचारलं.

"म्हातार्‍यानं घालवली," स्नेहलता म्हणाली. गाडी सुटत होती. लतिकानं तिचा हात दाबला आणि कसलं तरी गुपित पोटात ठेवल्यासारखी हसली. स्नेहलताला त्या हसण्याचा राग आला, पण तेवढ्यावर राहिलं.

ऑगस्टच्या अखेरीस लतिकानं दोघांना जेवायला बोलावलं. आत्मारामचा प्रबंध पुरा झाला होता, हिवाळ्यात दोघं पुण्याला परतणार होती. तिसर्‍या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. गच्चीचं दार बंद, वर पडदा ओढलेला. टेबलावर वरण-भात, लोणचं, आणि मधोमध झाकलेलं पातेलं. लतिकानं नवर्‍याला गप्प बसायची खूण केली आणि झाकण उचललं.

तेल सुटलेल्या रश्श्यात लहान लहान अख्खी वांगी होती. शिजून रंग उतरला होता, तरी पांढर्‍या रेघा दिसत होत्या. देठ ठेवले होते. देठांना काटे होते.

"ओळख पाहू," लतिका म्हणाली.

स्नेहलतानं पातेलं जवळ ओढलं.

"तुझीच गं. तू कपबशा विसळायला गेलीस ना, तेव्हा चार उचलली, पर्समध्ये. गच्चीत टबात लावली. सोफी-बिफी सगळं पाळलं, रात्री घरात घ्यायची, सकाळी बाहेर. तूच म्हणालीस ना, विचारलं की रुसतात. आणि फळ धरेपर्यंत नाव काढायचं नाही. कसली जीभ आवरली मी, माझं मला माहीत."

"मी स्टेशनवर म्हणाले होते तुला. म्हातार्‍यानं घालवली म्हणून."

"मला वाटलं, काही औषध-बिषध मारलं असेल त्यानं. म्हटलं, बरं झालं, आपण नेली म्हणून वाचली. आता सांगितलं तर मजा जाईल." लतिकाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "का गं? काय झालं?"

श्रीरंगनं हातातला घास खाली ठेवला. मग स्नेहलतानं एक वांगं पानात घेतलं, देठाला धरून फोडलं आणि खाल्लं. चव तीच होती. नदीची, मळ्याची, बाबांच्या घरची. तिला रडू फुटलं. लतिका उठून तिच्यापाशी आली, आणि तिला वाटलं की वडिलांच्या आठवणीनं रडते आहे. तसं ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात दोरी सोडवत उभा असलेला एक म्हातारा होता.

गच्चीत एक वांगं लतिकानं झाडावरच राखलं होतं. पिवळं पडून पिकत होतं, बियाण्यासाठी. "तुझ्यासाठीच ठेवलंय," ती म्हणाली.

स्नेहलता आधी अध्यक्षांकडे गेली. या वेळी श्रीरंगला नेलं नाही. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, रविवारी बियर पीत बसलेल्या चार लोकांसमोर, तिनं सांगितलं की रोपं माझ्या मैत्रिणीनं नेली, हेर बेंडरनं नाही, चूक माझी. अध्यक्षांनी किल्ली परत पाठवली. बेंडरनं घेतली नाही. आता सवय मोडली, म्हणाला.

मग ती कुंपणाशी गेली. वेलांच्या मधे एक फट होती. पलीकडे तो शेंगा तोडत होता. तिनं त्यालाही तेच सांगितलं. लाज इतकी वाटत होती की शब्द आठवेनात.

"मैत्रिणीनं विचारलं का नाही?" बेंडरनं विचारलं.

तिनं समजावून सांगितलं. मागितलेलं रोप रुसतं. न सांगता नेलेलं लागतं. आमच्याकडे असं मानतात.

बेंडरनं हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. "उनझिन," तो म्हणाला. मूर्खपणा. तिला त्या घटकेला तो शब्द अगदी बरोबर वाटला.

"मी आत येऊ?" तिनं विचारलं.

"नको," तो म्हणाला.

लतिकाकडून आणलेली चार वांगी तिनं कुंपणाच्या खांबावर कागदात ठेवली. दुसर्‍या दिवशी ती तिथंच होती. नंतरच्या पावसात कागद भिजून फाटला आणि एक वांगं तिच्याच बाजूला गवतात पडलं. तिनं ती सगळी उचलून घरी नेली. हे दिलेलं तो घेणार नाही हे तिला कळलं, आणि रागवायचा आपल्याला हक्क नाही हेही कळलं.

पुढच्या वर्षीचा वसंतही काही कोरडा नव्हता. लतिका आणि आत्माराम केव्हाच पुण्याला पोचले होते. पिकल्या वांग्यातलं बी भरपूर निघालं होतं, रोपंही ताठ आली होती. स्नेहलतानं ती त्याच गादीवाफ्यात लावली, वर तीच काच ठेवली. तार तिनं फेकून दिली होती. काचेशेजारी फळीवर एक काठी ठेवली, धुऊन पुसून, आणि कोणाला काहीच म्हणाली नाही. दिवसामागून दिवस गेले. काठी जिथं ठेवली तिथंच असायची. काच तिची तीच उघडायची, दुपारी येऊन. वेल अजून उगवले नव्हते, तरी बेंडर कुंपणाकडे फिरकत नव्हता. ती "गुटन टाग" म्हणायची. तो टोपीला हात लावायचा आणि वळायचा.

सोफीचा दिवस उलटल्यावर एका दुपारी ती आली आणि काच उचलून बसली. कुंपणाच्या बाजूच्या कोपर्‍यातलं एक रोप नव्हतं. मातीच्या गोळ्यासकट अलगद उचललेलं. खड्डा हातानं दाबून नीट बुजवलेला. चिखलात मोठ्या बुटांचे ठसे आले होते आणि परत गेले होते.

पलीकडे पेटीचं झाकण लावल्याचा आवाज झाला. तिनं मान वर केली नाही. फळ धरेपर्यंत त्याचं नाव काढायचं नव्हतं. फळीवरची काठी घेऊन तिनं काचेला टेकू दिला आणि ती नळावर पाणी आणायला गेली.